चिंचपेटीचा गोंडा

"श्वास सोडा," आईसाहेब म्हणाल्या. "सगळा सोडा. लगेच घेऊ नका."

मी सोडला. माझ्या मानेमागे त्यांची बोटं हलली, रेशमी दोरा करकचून ओढला गेला आणि चिंचपेटी गळ्यावर घट्ट येऊन बसली. मग त्यांनी श्वास घ्यायची परवानगी दिली. घ्यायला गेले तर तो अर्ध्या वाटेवरच अडला.

"जरा घट्ट होतेय," मी म्हणाले. "मागचा दोरा थोडा वाढवला तर..."

दाराशी बसलेल्या त्यांच्या धाकट्या सुनेनं चटकन कानांवर हात ठेवले. स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली, "मालन! जिभेला हाड हाय का न्हाई तुझ्या? लग्नाच्या डागिन्याला 'वाढवला' म्हणत्यात व्हय?"

बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायची, मंगळसूत्र तुटलं तर ते 'वाढलं' म्हणायचं, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मी पडले ब्लाउज शिवणारी. आमच्या धंद्यात वाढवणं म्हणजे शिवण उसवून दाबलेलं कापड सोडणं. सवयीनं तोंडून गेलं.

आईसाहेब रागावल्या नाहीत. त्यांनी चिंचपेटी आणि माझी कातडी यांच्यामध्ये एक बोट घालून पाहिलं. ते शिरेना, तेव्हा समाधानानं हात काढून घेतला.

"आमच्यात दोऱ्याला हात लावत नाहीत," त्या म्हणाल्या. "दोरा आहे तेवढाच राहतो. गळा उतरतो आपोआप. वर्षभरात."

मी तेव्हा तिशीला टेकले होते. वडील नव्हते. कऱ्हाडात आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या बायकांची पोरं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होती, आणि मी त्यांच्या आयांचे ब्लाउज शिवत होते. माझी जीभ तिखट म्हणून स्थळं परत जातात असं आई म्हणायची. माझं म्हणणं, जी परत गेली ती जाण्याच्याच लायकीची होती. तर अशात दाजीमामानं बेलवडच्या इनामदारांचं स्थळ आणलं. आईसाहेबांचे थोरले चिरंजीव हिंदुराव, बिजवर, मूलबाळ नाही, बागायती जमीन, दाराशी जीप. आईनं देवापुढे साखर ठेवली. मीही फार आढेवेढे घेतले नाहीत. रोज दुसऱ्यांच्या लग्नाचे ब्लाउज शिवून मला कंटाळा आला होता, हे खरं कारण.

पाहायला आले तेव्हा हिंदुराव खाली मान घालून बसले होते. घड्याळाचा पट्टा एका भोकानं आवळायचा, पुन्हा सैल करायचा, पुन्हा आवळायचा, एवढाच त्यांचा चाळा. माझ्याकडे एकदाच पाहिलं, तेही चेहऱ्याकडे नाही. गळ्याकडे. मी मनात म्हटलं, लाजत असतील.

आईला भुरळ पडली ती त्यांच्या बोलण्याची. इनामदारांच्या घरात सगळ्यांनाच अहो-जाहो. शेंबड्या पोराला 'जेवलात का', मोलकरणीला 'या, बसा'. आमची मांजर आडवी आली तर आईसाहेब तिला 'सरका जरा' म्हणाल्या. ते लोक गेल्यावर आई कितीतरी वेळ म्हणत होती, "माणूस न्हाई, मांजरालासुदीक मान देत्यात. तुला तर फुलासारखं ठेवतील बघ."

आता लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाचा ब्लाउज मीच शिवणार होते, आणि त्याचा गळा घरच्या चिंचपेटीवर बेतायचा असा आईसाहेबांचा हट्ट. म्हणून भर मे महिन्याच्या दुपारी त्या स्वतः चिंचपेटी घेऊन आल्या होत्या.

हट्ट चुकीचा नव्हता. माझा सगळा धंदाच गळ्यांवर चालायचा, त्यामुळे एवढं कळत होतं. ठुशी म्हणजे ठासून बसवलेले सोन्याचे मणी, तिला गोल गळा चालतो. वज्रटीक कापडाच्या पट्टीवर शिवलेली असते, ती गळ्याशी चिकटून बसते, कशावरही जमते. पण चिंचपेटी मानी. मोत्यांच्या त्या चौकोनी पेट्या एकीला एक लागून बसतात, त्यांच्याखाली उघडा, चौकोनी गळा हवा, नाहीतर मोती कापडावर घासतात आणि काळवंडतात. माझी आजी सांगायची, पूर्वी डोक्यावरून पदर घेतला की बाईचा चेहरा आणि गळा तेवढा दिसायचा. मोहनमाळा नि पुतळ्याच्या माळा पदराआड झाकून जायच्या, म्हणून घराची सगळी श्रीमंती बाईच्या गळ्याशी बांधायची. 'बांधायची' हाच तिचा शब्द. या गळ्यातल्या दागिन्यांना फासा नसतो, मागे दोरा असतो, दोऱ्याला गोंडा असतो, आणि गाठ मारायला दुसरं माणूस लागतं.

बेलवडच्या चिंचपेटीचा गोंडा मात्र विचित्र होता. लिंबाएवढा मोठा, लाल रेशमानं गच्च गुंडाळलेला. मानेला टोचत होता.

"टाकाचा गोंडा आहे तो," आईसाहेब म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेलच. आधीच्या सूनबाईंचा."

माहीत होतं. नवऱ्याची आधीची बायको गेलेली असेल तर नवीन बायकोनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा. पत्र्यावर ठोकलेली चिमुकली बाईची आकृती. नाही घातला तर गेलेली छळते म्हणतात. दाजीमामानं हे आधीच सांगितलं होतं आणि मी 'घालेन की, गेलेल्या बाईचा कसला मत्सर' म्हणून मोकळी झाले होते.

आई सरबताचे पेले घेऊन बाहेर आली. तिच्या मनात बरेच दिवस एक प्रश्न होता. आज धीर करून तिनं विचारला, "जावईबापूंना काय नाद-बिद न्हाई न्हवं? पोरीची आई हाय, राग मानू नगा."

आईसाहेबांनी माझ्या मानेमागचा गोंडा मुठीत धरला. "यांच्यासमोर आम्ही खोटं बोलत नाही. बोलून चालत नाही," त्या म्हणाल्या. "हिंदुराव दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. घरात कुणावर आवाज चढवत नाहीत."

"आन् आधीच्या कशानं...?"

"विहिरीनं नेल्या हो आमच्या सूनबाई." त्यांचा आवाज खरोखरच जड झाला. "पाणी आणायला म्हणून उतरल्या. वर आल्याच नाहीत. नाजूक होत्या. ही चिंचपेटी काय शोभायची त्यांना!"

आईनं पदर डोळ्याला लावला. माझं लक्ष मात्र आईसाहेबांच्या बोटांकडे गेलं. नखांच्या कडा पिवळ्याधमक होत्या.

"हळद लागली वाटतं?" मी गमतीनं विचारलं. "आमच्या आधीच?"

"देवाचं होतं काही," त्या म्हणाल्या आणि मुठीतला गोंडा सोडून गाठ सोडायला लागल्या. "गाठ बांधायची आम्ही, सोडायचीही आम्हीच. सुना हात लावत नाहीत. लक्षात ठेवा."

गळा मोकळा झाला तेव्हा मी इतक्या मोठ्यानं श्वास घेतला की आईनं डोळे वटारले.

चिंचपेटी पांढऱ्या फडक्यावर कटिंगच्या टेबलावर ठेवून आईसाहेब जीपमधून कृष्णामाईच्या दर्शनाला गेल्या. "तोवर माप घेऊन ठेवा. मंदाकिनीबाई बसतील इथं," असं बजावून गेल्या. म्हणजे सून राखणीला. आई गच्चीवर कुरडया उलटायला गेली. खोलीत आम्ही दोघीच उरलो.

मंदाकिनी माझ्याहून लहानच असेल. एवढ्या उकाड्यात तिनं बंद गळ्याचा ब्लाउज घातला होता आणि त्याच्यावर बोटभर रुंद ठुशी. घामानं मणी चमकत होते.

"काढून ठेवा की थोडा वेळ," मी म्हटलं. "इथं कोण बघतंय?"

"सवय झालीय."

मी कागद पसरला. "तुम्ही सांगा, गळा किती खोल काढू? मी जरा मोठाच काढणार आहे. चिंचपेटीखाली उघडं हवं."

"बंदच शिवा, ताई."

"बंद गळ्यावर मोती घासतात."

"चिंचपेटी काय, सणासुदीला," ती म्हणाली. "ब्लाउज रोजचा असतो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मला तिचं हे बोलणं आवडलं नाही. पण मी कागदावर पट्टी ठेवली. लग्न ठरलेली बाई फार प्रश्न विचारत नाही, आणि मी तर आधीच गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध.

तरी राहवलं नाही. "तुमच्या जाऊबाई कशा होत्या?"

"चांगल्या होत्या. हसऱ्या होत्या." ती थांबली. "मग हसायच्या बंद झाल्या."

"पाय घसरला म्हणे. शेवाळ असेल पायरीवर."

"आमची विहीर खडकातली आहे, ताई. उन्हाळ्यात पायऱ्या ठणठणीत कोरड्या असतात. उन्हाळ्यातच गेल्या."

कात्री माझ्या हातात तशीच राहिली. "म्हणजे?"

तिनं गळ्याची कातडी दोन बोटांत धरून दाखवली, लहान मुलं 'गळ्याशपथ' म्हणताना धरतात तशी. "आईसाहेबांनी शपथ घातलीय. जाऊबाईंबद्दल काही बोलायचं नाही. बोलले त्याच्याहून जास्त बोलता येत नाही मला. दुसरं काहीही विचारा."

दुसरं काय विचारणार? मला त्या पिवळ्या नखांची आठवण झाली. "ही हळद कुणाची?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मी नेमका तोच प्रश्न विचारावा म्हणून ती आल्यापासून थांबली असावी.

"रुईची," ती म्हणाली. "बांधावर रुईचं झाड आहे आमच्या. काल त्याला हळद लावली. मुंडावळ्या बांधल्या. भटजी होते. भाऊजींना पाटावर बसवलं झाडासमोर."

मला हसू आलं. "रुईला मुंडावळ्या? तुमच्यात झाडांनाही मानपान का?"

ती हसली नाही. "तुमच्या आईंना विचारा," ती म्हणाली. "त्यांना माहीत असेल. विचारायला सांगायचं नाही अशी शपथ नाहीये."

मी विचारायला उठणारच होते. उठता उठता चिंचपेटी उचलून फडक्यात गुंडाळायला घेतली, तर गोंड्यातून आवाज आला. बारीक, पत्र्यावर पत्रा आपटल्याचा. मी पुन्हा हलवला. पुन्हा वाजला.

एक टाक वाजत नाही. वाजायला दोन लागतात.

मी मंदाकिनीकडे पाहिलं. तिनं खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "मी काही बघत नाहीये," ती भिंतीला म्हणाली.

सुईच्या टोकानं मी रेशमाचं शेवटचं टोक सोडवलं आणि एकेक वेढा उलगडत गेले. आत सोन्याचे दोन टाक होते, नखाएवढे. दोन्हींवर बाई. एक झिजून गुळगुळीत झालेली, तिचे डोळे-नाक गेलेले. दुसरी अजून कोरी, नाकातली नथसुद्धा दिसत होती. आणि त्यांच्या शेजारी दोऱ्याचा एक फेरा रिकामा सोडलेला होता. तिसऱ्यापुरता.

तसेच पुन्हा वेढे घातले, जमेल तसे, आणि गच्चीवर धावले.

आई उन्हात बसून कावळे हाकत होती. "आई," मी म्हटलं, "रुईला हळद कधी लावतात?"

"रुईला?" तिनं कपाळावरचा घाम पुसला. "ते व्हय, एखाद्याचं तिसरं लगीन आसलं की. तिसरं धारजिणं नसतं. तिसरी बायकू जगत न्हाई म्हणत्यात. म्हणून मग तिसरं रुईच्या झाडासंगं लावायचं, आन् बाई येती ती चौथी..." एवढं बोलून तिचा हात हवेतच थांबला. "का गं?"

मी सांगितलं. रुई, विहीर, दोन टाक. रिकाम्या फेऱ्याचं सांगितलं नाही, ते माझ्या जिभेवर येईना.

आईनं हातातली कुरडई उलटून ठेवली. मग म्हणाली, "एखादा टाक देवीचा आसंल."

"नथ आहे तिच्या नाकात."

"देवीलाबी नथ आसती."

"आणि रुई?"

"माणसं काय बी करत्यात देवाधर्माचं." तिचा आवाज रडवेला झाला. "मालन, पत्रिका वाटून झाल्यात गं. आता मोडलं तर पुन्हा तुला कोण? माझ्या माघारी तू कुणाच्या दारात ऱ्हाशील? आन् तेंनी खोटं कुठं सांगितलं? टाक धरून बोलल्या तुझ्या म्होरं."

खरंच, खोटं कुठं सांगितलं होतं? मी तिथंच गच्चीच्या कठड्याला टेकून आईसाहेबांचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. विहिरीनं नेल्या. वर आल्याच नाहीत. नाजूक होत्या. काय शोभायची त्यांना. मंदाकिनीचंही आठवलं. हसऱ्या होत्या. उन्हाळ्यातच गेल्या. मामासुद्धा त्यांच्याच तोंडचं ऐकून आला होता, 'सूनबाई गेल्या'. आम्ही सगळ्यांनी तो मान समजला. मांजरीला 'सरका' म्हणणारं घर, मेलेल्या सुनेला 'गेली' कसं म्हणेल?

'गेल्या' म्हणजे एक की दोन, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "मी एकच गोष्ट विचारते त्यांना. सरळ उत्तर आलं तर मी मुकाट बोहल्यावर उभी राहते. पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आलं तर तूही उघडायचं नाहीस."

आईनं मान हलवली. हो की नाही ते तिलाही कळलं नसावं.

जीप आली तेव्हा उन्हं कलली होती. आईसाहेबांच्या कपाळाला देवीचा अंगारा होता. टेबलावर चिंचपेटी तशीच फडक्यात होती. मंदाकिनी जागची हलली नव्हती. तिच्यावर ठपका येऊ द्यायचा नाही एवढं मी ठरवलं होतं, म्हणून रुईचा शब्द मी काढणार नव्हते, टाकांचाही नाही.

"झालं माप?" आईसाहेबांनी विचारलं.

"झालं. पण गळ्यात घालण्याआधी सवतीची ओळख करून घ्यावी म्हणते." मी चिंचपेटी उचलून, गोंडा त्यांच्या हातात येईल अशी पुढं धरली. त्यांनी सवयीनं तो मुठीत घेतला. "आईसाहेब, तुमच्याकडचं अहो-जाहो मला अजून जमत नाही. आम्ही साधी माणसं, आमच्यात मेलेल्या माणसाला एकेरीतच हाक मारतात, म्हणजे ते आपलं वाटतं. तुम्ही माझ्यासाठी एकदा एकेरीत सांगा. 'आमची सून गेली.' एवढंच म्हणा."

आईसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे थांबले.

"आमच्यात एकेरी बोलत नाहीत."

"माहीत आहे. एकदाच. 'सून होती, गेली.'"

"कशाला हवंय हे?"

"माझ्या मनाचं समाधान."

त्यांचे ओठ हलले. मी श्वास धरून होते, मघाशी त्यांनी धरायला लावला होता तसाच. त्यांना म्हणता आलं असतं हो! तीन शब्द. पण मूठ गोंड्यावर होती, आणि मुठीच्या आत ज्या दोघी होत्या त्यांची भीती त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती. त्यांनी मूठ सोडायचा प्रयत्न केला, तसा गोंडा हलला. आत बारीक आवाज झाला.

तो आईनंही ऐकला.

"सून..." आईसाहेब म्हणाल्या. पुढचा शब्द आला नाही.

माझी आई आयुष्यात कुणाला उलटून बोलली नव्हती. ती पुढं झाली, टेबलावरचं पांढरं फडकं उचललं, झटकलं, घडी केली आणि आईसाहेबांच्या हातात दिलं. "ऊन उतरलंय," ती म्हणाली. "अंधाराच्या आत घरी पोचा."

दारातून जाताना आईसाहेब माझ्याजवळ थांबल्या. "तिखट आहात," त्या हळूच म्हणाल्या. "बरं झालं आधी कळलं. तिखट सुना आमच्याकडं टिकत नाहीत." त्यांच्यामागून मंदाकिनी गेली, मान खाली, ठुशीवर एक हात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. जीप वळेपर्यंत मी दारात उभी होते. तिला त्या घरात परत पाठवतोय असं वाटून माझं काळीज तुटत होतं, पण तिला कोणत्या हक्कानं थांबवायचं ते मला सुचलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. पत्रिका वाटलेलं लग्न मोडलं म्हटल्यावर गावाला खाद्य मिळालं. खरं सांगायला जावं तर पुरावा काय? आवाज करणारा एक गोंडा. दाजीमामानं आमच्याकडे येणं सोडलं. आई बाजारात जाईना. माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका माझ्याच गळ्याकडे बघत बोलायच्या. मी सगळ्यांची मापं घेत राहिले.

तुळशीचं लग्न होऊन पुन्हा लग्नसराई सुरू झाली होती. एके दुपारी मी मशीनवर बसले असताना दारात सावली पडली. मान वर केली, तर आधी ओळखलंच नाही. गळा पूर्ण मोकळा होता. ठुशी नाही, काही नाही. एरवी सावळ्या कातडीवर बोटभर रुंद फिकट पट्टा तेवढा उमटलेला होता, आणि पट्ट्याच्या खाली, ब्लाउजच्या काठाशी, दुसरं काहीतरी निळसर, ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मंदाकिनीबाई!"

"भाऊ स्टँडवर उभा आहे," ती म्हणाली. "माहेरी चाललेय. परत जाणार नाही. एवढं द्यायला आले." ती धापा टाकत होती. "परवा पुन्हा रुईला हळद लावली. मुलगी ठरलीय, पलीकडच्या गावची. अठराचीसुद्धा नसेल. आज आईसाहेब चिंचपेटी घेऊन तिच्या घरी जाणार होत्या."

तिनं मूठ उघडली. तळव्यावर लाल रेशमाचा गोंडा होता, दोऱ्यासकट विळीनं कापलेला.

"आता कशानं बांधतील?" ती म्हणाली.

तिनंच रेशमाचे वेढे काढले आणि टाक टेबलावर, माझ्या खडूच्या खुणांवर, शेजारी शेजारी ठेवले. ज्यांच्याबद्दल तिला शपथ होती, त्यांच्याबद्दल ती पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. आणि बोलली ती एकेरीत.

"ही इंदुमती. तिला मी पाहिलं नाही, माझ्या आधीची. ही रतन. रतनला गाणी यायची. मला भाकरी तिनं शिकवली. त्या दिवशी मला म्हणाली होती, मंदा, मी खाली जातेय, तू वरून बघत राहा. मला आईसाहेबांनी आत बोलावलं." तिनं कोऱ्या टाकावरून अंगठा फिरवला. "यांना तिथं सोडून कशी येऊ? तुमच्याकडं ठेवा. घरात इतकी वर्षं वाजत होते, ऐकलं ते तुम्ही."

ते टाक आजही माझ्या देव्हाऱ्यात आहेत. न्यायला कुणी आलं नाही. यायचं तर आधी सांगावं लागलं असतं की ते कितीजणींचे आहेत. आणि पलीकडच्या गावच्या त्या मुलीचं लग्न बेलवडला झालं नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते, कारण पुढच्याच उन्हाळ्यात तिच्या लग्नाचा ब्लाउज मी शिवला. नवरा तासगावकडचा होता. गळा चौकोनी, चांगला मोठा.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. मंदाकिनी पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली होती, आणि रस्त्यावर जीपचा आवाज आला की दोघी दचकत होतो.

"आत या," मी म्हटलं. "बसा. पाणी आणते."

ती हलली नाही. "ताई, 'बसा' नको," ती म्हणाली. "मला एकेरीत बोलवा. मी एकटीच आहे."

"बस गं मंदा," मी म्हणाले.

ती बसली.